वाकळेच्या पोटातली ज्वारी

बँकेनं नवऱ्याची बदली कोकणात केली तेव्हा आम्ही बदनापूरच्या घरातलं जवळजवळ काहीच सोबत नेलं नाही. पलंग, कपाट, जेवणाचं टेबल सगळं चादरी टाकून झाकून ठेवलं आणि दाराला कुलूप घातलं. एवढं सामान घाटातून उतरवायचं आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा चढवायचं, हे काही आम्हाला पटेना. नेलं ते एवढंच: अंथरूण-पांघरूण, कुकर, चार भांडी, तवा, ज्वारीचं एक पोतं. आणि आत्याबाई.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणायची रीत आहे. आदल्या हिवाळ्यात सासरे गेले, तेव्हापासून त्या मंठ्याकडचं गाव सोडून आमच्यापाशी राहायला आल्या होत्या. शेत चुलत दिरांनी बटईनं केलं होतं. उभा जन्म शेतात आणि चुलीपुढे राबलेली ही बाई बदनापुरात आली आणि मांडीवर हात ठेवून बसायला लागली. टीव्ही लावला तर टीव्हीकडे तोंड, बंद केला तर भिंतीकडे तोंड. जेवायला वाढलं की जेवायच्या. "आत्याबाई, काही पाहिजे का?" म्हटलं की "न्हाई." कधी चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. भाजी निवडायला दिली तर निवडायच्या आणि निवडून झाली की पुन्हा हात मांडीवर. नवरा म्हणायचा, जागा बदलली की बरं वाटेल. मला तशी काही आशा नव्हती, पण त्यांना मागे ठेवायचा प्रश्नच नव्हता.

सिंधुदुर्गातलं ते गाव लहान होतं. आमचं भाड्याचं घर चिऱ्याचं, वर कौलं, पुढे पडवी. पडवीपुढे शेणानं सारवलेलं अंगण, त्याला तिकडे खळं म्हणतात. खळं संपलं की चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा, मग सुरूची चार-दोन झाडं, मग वाळू आणि समुद्र. घरात एकही खुर्ची नव्हती. बोललं की आवाज घुमायचा. पहिल्या संध्याकाळी आम्ही तिघं पडवीत जमिनीवर बसून खिचडी खात होतो आणि समोर सूर्य पाण्यात चालला होता. आत्याबाईंनी घास खाली ठेवला, बराच वेळ पाहिलं.

"एवढं पानी," त्या म्हणाल्या, "आन् प्यायला एक तांब्या न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली सतरंजी उचलली आणि मागच्या दारी विहिरीपाशी नेऊन टाकली. समुद्राकडे पाहिलं की डोळे भोवंडतात म्हणाल्या. मग रोज तिथेच, समुद्राकडे पाठ करून.

घरात वस्तू हव्या होत्या आणि जवळचं मोठं दुकान बरंच लांब होतं. म्हणून आमच्या हातांना काम लागलं. जालन्या-बदनापुरात असताना माझ्या नवऱ्यानं भिंतीत खिळासुद्धा ठोकला नव्हता, त्यालाही माणूस बोलवायचा. इथे एका रविवारी तो वाळूवर फिरायला गेला आणि एक लांब, जाड फळी ओढत घेऊन आला. कुठल्या तरी जुन्या होडीची असावी. मिठानं पांढरी पडलेली, एका कडेला निळा रंग राहिलेला. "याचा बाक होईल," तो म्हणाला. शेजाऱ्यांकडून करवत मागून आणली. सबंध दिवस अंगणात खरखर चालली होती. संध्याकाळी बाक तयार झाला आणि त्यावर बसलं की तो नमस्कार केल्यासारखा पुढे झुकायचा. एका पायाखाली नारळाची करवंटी फोडून तिचा तुकडा सरकवला, मग बराबर बसला. बँकेतून आला की तो आधी त्या बाकावर जाऊन बसायचा, मग बूट काढायचा. पुढे त्यानं एक फडताळ केलं, एक बुटकं टेबल केलं. ते टेबल मात्र खरंच चांगलं जमलं.

मी पडद्यांच्या मागे लागले. शेजारच्या परसात नारळाची सोडणं, म्हणजे वरच्या सालीचे धागेदार तुकडे, ढिगानं पडलेले असायचे. ती उकळली की पाण्याला तांबूस रंग येतो असं कुठेतरी वाचलं होतं. मोठ्या पातेल्यात सोडणं उकळली, थोडी तुरटी टाकली आणि जुन्या पांढऱ्या चादरी बुडवल्या. बाहेर काढल्या तर कुठे गडद, कुठे फिक्या, पण मला फार आवडल्या. खिडक्यांना लावल्या. समुद्राचा वारा आला की सगळ्या एकदम पोट फुगवून आत यायच्या. आत्याबाईंनी त्या दिवशी मान वर करून पाहिलं.

"चहा सांडल्यावानी दिसून राह्यलं," त्या म्हणाल्या.

त्या पहिल्या दोन दिवसांनंतर प्रथमच त्या आपणहून काही बोलल्या होत्या. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं.

करवत आम्ही ज्यांच्याकडून आणली होती, त्या शेजारच्या काकी. अख्खं गाव त्यांना काकीच म्हणायचं. त्यांचे यजमान मासेमारी करायचे, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा मुंबईत. काकी एकट्या राहायच्या, गावातल्या होड्यांची फाटलेली जाळी दुरुस्त करून द्यायच्या, झावळ्यांच्या हिरांचे झाडू बांधायच्या आणि या सगळ्यात अखंड बोलायच्या. आवाज असा की लाटांवरून ऐकू जावा. आम्ही शाकाहारी आहोत हे कळल्यावर त्यांना आमची मनापासून कीव आली. पण त्यानंतर आमच्याकडे येताना त्या आठवणीनं हात धुऊन, साबणाचा वास घेऊन यायच्या.

पहिल्यांदा आल्या तेव्हा त्या तांब्याभर सोलकढी घेऊन थेट मागच्या दारी गेल्या.

"वयनी, ह्या पिया."

आत्याबाईंनी त्या गुलाबी पाण्याकडे पाहिलं. "मला काय झालंय? औषिद कामून?"

"औषध न्हय ओ! कढी!"

"कढी अशी असती व्हय?"

दोघींना एकमेकींचं अर्धं बोलणं कळत नव्हतं. मी मध्ये उभी राहून मराठीचं मराठीत करून सांगत होते. आत्याबाईंनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि मग का कोण जाणे, तांब्या रिकामा केला.

पाऊस सुरू झाला तसा त्यांना विहिरीवर बसता येईना. सतरंजी पुढच्या पडवीत आली. तिथेही त्या भिंतीला टेकून, तिरप्या बसायच्या. उशाला त्यांचं गाठोडं असायचं. गावाहून बदनापूरला आणि बदनापूरहून इथे त्यांनी ते स्वतःच्या हातानं आणलं होतं. आत त्यांची जुनी लुगडी आणि सासऱ्यांची धोतरं होती. ते त्यांनी सोडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं आणि मीही त्याला हात लावत नव्हते.

काकींना असला संकोच नव्हता. एका दुपारी पावसातून आल्या, खाली टेकल्या, आणि नाक हुंगत म्हणाल्या, "ह्या गाठोड्याक बुरशी धरली. हय पावसात कापड बांधून ठेवूचा नाय. सोडा बघू."

"ऱ्हाऊ द्या," आत्याबाई म्हणाल्या.

"ऱ्हवतला कसा? कुजान जायत!"

आणि त्यांनी गाठ सोडलीसुद्धा. वरच्या धोतरावर काळे ठिपके पडले होते. आत्याबाईंनी ते उचलून मांडीवर घेतलं आणि नखानं एकेक ठिपका खरवडायला लागल्या. ठिपका निघेना. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, आता काकींना दोन शब्द ऐकावे लागणार. पण त्या उठल्या आणि म्हणाल्या, "साबन कुठंय?"

दोघींनी मिळून विहिरीवर, पावसातच, सगळे कपडे धुतले. वाळवायला ऊन नव्हतं, तर काकींनी आपल्या चुलीवर, छपराखाली दोऱ्या बांधून एकेक कापड धुरावर टांगलं. काही दिवस आमची धोतरं-लुगडी त्यांच्या स्वयंपाकघरात होती. परत आली तेव्हा कोरडी, खरखरीत, आणि धुराचा वास लागलेली. आत्याबाईंनी त्यांच्या घड्या घातल्या. घड्या घालताना एकेक कापड उजेडाकडे धरून कुठे विरलंय, कुठे टिकलंय ते बघत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा दिला तर म्हणाल्या, "दाभन हाय का तुझ्याकडं?"

मला आधी नीट कळलंच नाही.

"दाभन गं. मोठी सुई. आन् दोरा. वाकळ घालते."

वाकळ म्हणजे जुन्या कपड्यांचे थर एकावर एक अंथरून हातानं शिवलेलं जाड पांघरूण. लोक गोधडीही म्हणतात. आमच्या सगळ्यांच्या अंगावर लहानपणी त्यांनीच किंवा त्यांच्यासारख्या कुणीतरी शिवलेली वाकळ होती. सुई काकींकडून आली, दोरा बाजारातून. पडवीत कापड अंथरलं, चार कोपऱ्यांना चार चिरे ठेवले आणि आत्याबाई कडेकडेनं धावदोरा घालत निघाल्या.

तो पावसाळा मला त्या पडवीतला म्हणूनच आठवतो. बाहेर समुद्र आणि पाऊस एकाच रंगाचे झालेले. आत एका बाजूला काकी जाळं पसरून बसलेल्या, लाकडी सुईनं फाटक्या घरांना गाठी मारत. दुसऱ्या बाजूला वाकळ मांडीवर ओढून घेतलेल्या आत्याबाई. मधल्या बुटक्या टेबलावर मी काहीतरी चिरत किंवा निवडत असायची. जेवायला काकी घावन करायच्या, आम्ही ज्वारीची भाकरी आणि ठेचा. ठेचा खाल्ल्यावर काकी डोळे पुसत म्हणायच्या, "ह्या खाऊन तुमी जिवंत कसे?" आणि पुन्हा घ्यायच्या.

वाकळेच्या रांगा बाहेरून आत जातात, चौकोनात चौकोन. सगळ्या रांगा सरळ, एकीपासून दुसरी सारख्या अंतरावर. एकदा काकींनी विचारलं, "वयनी, जरा वाकडी घाला की. लाटेसारखी. बरी दिसात."

आत्याबाईंनी सुई थांबवली नाही. "पेरनी कुनी वाकडी करतं का?"

काकींना पेरणी म्हणजे भाताची लावणी ठाऊक. बैलांच्या तिफणीनं पेरताना पडणारे सरळ तास त्यांनी पाहिलेच नव्हते. मग आत्याबाईंनी बोटानं जमिनीवर रेघा ओढून तिफण कशी चालते, बैल कसे वळतात, तास वाकडा गेला की सासरे बांधावरून कसे ओरडायचे, ते सगळं सांगितलं. सासऱ्यांचं नाव न घेता "हे" म्हणत. बोलता बोलता पावसाची एक सर येऊन गेली. मी आत जाऊन उगीचच डबे पुसत उभी राहिले, मध्ये कुणी काही बोलायला नको म्हणून.

गणपती झाले आणि वाकळ मधोमध पोचली. शेवटी तळहाताएवढा एक चौकोन उरतो, त्याला आमच्या घरात वाकळेचं पोट म्हणतात. ते बंद करायच्या आधी आत्याबाईंनी मला पोत्यातली मूठभर ज्वारी आणायला सांगितली. त्यातले थोडे दाणे त्यांनी कापडाच्या थरात सोडले आणि वरून टाके घातले.

"ह्या कित्याक?" काकी म्हणाल्या.

"उपाशी वाकळ अंगावर घेऊ न्हाई."

दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं. कितीतरी दिवसांनी कौलं कोरडी दिसत होती. आत्याबाईंनी वाकळ उचलून गडग्यावर पसरली, ऊन दाखवायला. तिचे रंग आता नीट दिसत होते: हिरवं लुगडं, अंजिरी लुगडं, वरच्या थरात लाल इरकलीचे तुकडे, आणि आत कुठेतरी धोतरं. मी तिचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला. मग काकी आल्या, चहा ठेवला, आणि आम्ही तिघी आत बसलो. काकी मुंबईच्या सुनेची काहीतरी गंमत सांगत होत्या आणि ती संपता संपत नव्हती.

त्या दिवशी अमावास्येची भरती होती. काकींना ते ठाऊक होतं, पण सुनेच्या नादात त्या विसरल्या. बाहेर गडग्यावर काहीतरी जोरात आपटल्याचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं. गडगा ओला होता आणि त्यावर काहीच नव्हतं.

"वाकळ!" मी ओरडले.

आम्ही बाहेर धावलो. पाणी सुरूच्या झाडांच्या अलीकडे आलं होतं. आणि थोड्या अंतरावर, लाटेच्या मागे, लाल-हिरवं काहीतरी चटईसारखं पसरून तरंगत होतं. एकदा वर यायचं, एकदा खाली जायचं. आत्याबाई गडग्यापाशी उभ्या राहिल्या. काकींनी मात्र पदर खोचला, ओचे वर घेतले, आणि किनाऱ्यावर होडी ओढून ठेवणाऱ्या दोन माणसांना अशी हाक मारली की ते हातातलं टाकून पळत आले. एकाजवळ लांब बांबू होता. काकी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून बोटानं दाखवत होत्या, "हय! हय! तिका खाली जाव देव नको!" बांबूचं टोक एका कडेत अडकलं. टाके इतके घट्ट होते की कापड फाटलं नाही. दोघांनी ओढलं, काकींनी धरलं, मी पुढे जाऊन धरलं. ती पाणी पिऊन म्हशीएवढी जड झाली होती. आम्ही चौघांनी तिला वाळूवरून ओढत गडग्यापाशी आणलं.

आत्याबाई वाकल्या आणि वाकळेच्या कडेवरून बोट फिरवत गेल्या, जनावराला कुठे लागलंय का बघावं तसं. लाल इरकलीचा रंग सुटून सगळीकडे गेला होता. हिरव्यावर, अंजिरीवर, पांढऱ्या कडेवर.

"माझीच चूक," काकी म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "भरतीची वेळ माका ठावक होती."

"गप बसा," आत्याबाई म्हणाल्या. "तुम्ही ओल्या झाल्या. जल्दी लुगडं बदला, मंग बोला."

विहिरीचं पाणी ओतून ओतून मीठ काढलं. वाकळ पिळणं शक्यच नव्हतं. पडवीच्या वाशाला आडवा बांबू बांधून त्याच्यावर टाकली, खाली पाणी ठिबकत राहिलं. आणि संध्याकाळी आभाळ भरून आलं. परतीचा पाऊस लागला तो थांबेचना. वाकळ रोज हात लावून बघायची, रोज ओलीच. काकींची चूल तिच्यासाठी लहान होती. मला भीती वाटायला लागली की आत्याबाई पुन्हा मांडीवर हात ठेवून बसतील.

एके सकाळी मी पीठ मळत होते आणि पडवीतून विचित्र आवाज आला. मी हात तसेच घेऊन पळाले. आत्याबाई वाकळेपुढे उभ्या होत्या, एक हात तोंडावर, आणि अंग गदगदत होतं. मला वाटलं रडताहेत. जवळ गेले तर त्या हसत होत्या. हसून हसून त्यांना बोलता येत नव्हतं. नुसतं बोट दाखवत होत्या.

वाकळेच्या मधोमध, पोटाच्या टाक्यांमधून, पोपटी रंगाचे पाच-सहा कोंब बाहेर आले होते.

"उगवली," त्या कशाबशा म्हणाल्या. "बगं, पोटातली ज्वारी उगवली! समिंदर पिऊन उगवली!"

मी कणकेच्या हातानंच काकींना हाक मारली. काकी आल्या, बघितलं, आणि त्याही हसत सुटल्या. तिघी हसतोय. आत्याबाई हसताना खाली बसल्या, मग आडव्याच झाल्या. मी लग्न होऊन त्या घरात आल्यापासून त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, सासरे असतानाही नाही.

मग त्यांनी पोटाचे टाके उसवले आणि कोंब हळूच सोडवून घेतले. फेकून द्यायचा विचारही कुणाच्या मनात आला नाही. काकींनी विहिरीजवळ लाल मातीचा एक छोटा वाफा केला आणि आत्याबाईंनी तिथे ती ज्वारी लावली. पुढे ऊन पडलं, वाकळ वाळली, पोट नव्यानं शिवून झालं. रंग पसरल्यामुळे आता ती सगळी एकाच गुलाबीसर छटेची झाली होती. त्या थंडीत ती आत्याबाई स्वतः पांघरत होत्या. ज्वारीची धाटं बारीकच वाढली, दोन-तीनच टिकली, त्यांना किरकोळ कणसं आली आणि दाणे भरायच्या आतच चिमण्यांनी खाल्ली. पण तोवर त्या रोज सकाळी आधी वाफ्याकडे जायच्या, तिथून काकींकडे, आणि चहाला कधी इकडे तर कधी तिकडे.

बदली संपून आम्ही बदनापूरला परत आलो. चादरी काढल्या, धूळ झटकली. पलंग, कपाट सगळं जागच्या जागी होतं आणि मला ते काही दिवस परक्याचं वाटलं. नवऱ्यानं कुठलीही लाकडी वस्तू दिसली की उलटी करून तिचे जोड बघायची सवय लावून घेतली होती. आत्याबाई पुन्हा गप्प होतील असं मला वाटत होतं. पण त्या गच्चीवर बसून शेजारच्या बायकांना वाकळ शिकवायला लागल्या, आणि दर दोन दिवसांनी माझ्या फोनवरून काकींशी बोलायला लागल्या. दोघी एकदमच बोलायच्या. तरी दोघींना सगळं कळायचं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात काकी आमच्याकडे आल्या. त्यांनी घाट कधी ओलांडला नव्हता. मुलानं मुंबईहून गाडीत बसवून दिलं आणि आम्ही बदनापूरच्या स्टेशनावर घ्यायला गेलो. दुपारची वेळ, फलाटावरची लोखंडी बाकं तापलेली. काकी उतरल्या, एका हातात नारळांची पिशवी, दुसऱ्या हातात आमसुलांची. त्यांनी डोळ्यांवर हात धरून चारी बाजूंना पाहिलं. कापूस निघून गेलेली काळी रानं, तापलेलं आभाळ, मध्ये काही नाही.

"हयची जमीन संपता खय?" त्यांनी विचारलं.

"संपत न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "जालन्याच्या पुढं मंठा, मंठ्याच्या पुढं आन्खी रान. चला, उन्हात उभं ऱ्हाऊ नका."

काकी आल्या त्या आमच्या कुरडयांच्या दिवसांत. गहू आधीच भिजत घातलेले होते. ते वाटून, गाळून त्यांचा पांढरा चीक काढला, सकाळी अंधार असतानाच मोठ्या पातेल्यात शिजवला. गरम चीक वाटीत घेऊन त्यावर तेल आणि तिखट घालून आम्ही आधी उभ्या उभ्या खाल्ला. काकींनी पहिला घास सावधपणे घेतला आणि मग वाटी पुढे केली. गच्चीवर जुनी धोतरं अंथरली. सोऱ्यातून कुरडई गोल गोल उतरवायची कला काकींना आमच्याहून चटकन जमली. गाठी मारणारी बोटं होती ती.

उन्हं वर आली तशा आम्ही खाली उतरलो. दुपारी काकी एकट्याच वर गेल्या आणि वरून त्यांची ती लाटांवरची हाक आली.

"वयनी! सुकली! सगळी सुकली!"

आम्ही वर गेलो. काकी कुरडई हातात घेऊन तिचा कुरकुरीत आवाज ऐकत होत्या. दिवस मावळायच्या आत एखादी गोष्ट कडकडीत वाळते, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वाळवायचा सपाटाच लावला. मिरच्या, गवार, कैरीच्या फोडी, शेवटी घरातल्या सगळ्या चादरी, गरज नसताना. "ह्या ऊन घेऊन जाव गावता तर," म्हणायच्या.

फक्त ज्या दुपारी गच्चीवर पाय ठेववत नव्हता, तेव्हा त्यांना चैन पडायचं नाही. हात रिकामे. मग त्यांनी नवऱ्याकडून सुतळीचे गुंडे मागवले, लाकडाची एक पट्टी तासून घेतली आणि खिडकीच्या गजाला दोरी बांधून जाळं विणायला सुरुवात केली.

"इथं कोन मासे धरनार?" आत्याबाईंनी विचारलं.

"मासे नाय तर दुसरा काय तरी धरू."

ते जाळं आम्ही गच्चीच्या कठड्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत ताणून बांधलं. त्याखाली जुन्या डब्यांमध्ये माती भरून आत्याबाईंनी दोडके आणि घोसाळी टोचली. नवऱ्यानं वर पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, काड्या अंथरून थोडी सावली केली. त्या काड्यांच्या सावलीत, गरम वाऱ्यात, दोघी चटई टाकून बसायच्या. काकींचं परतीचं आरक्षण एकदा पुढे ढकललं, मग आणखी एकदा. मुलाचा मुंबईहून फोन यायचा तर त्या सांगायच्या, "येतंय रे, वेल वर चढाक लागलो काय येतंय."

वेल चढला, पहिली पिवळी फुलं आली, आणि काकी परत गेल्या.

त्या गेल्यावर पंधरवड्यानं आत्याबाईंनी नवऱ्याला जेवताना सांगितलं, "माझं तिकीट काढ. कोकनाचं."

"पाऊस संपू दे," तो म्हणाला. "मी रजा टाकतो, सोडायला येतो."

"तू कामून? तुझी बँक हाय. काकीचा लेक मुंबईला घ्यायला येनार हाय, मी बोलून ठेवलंय त्याच्याशी. माझं एकटीचं काढ."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी परतत होते. जालन्याच्या दवाखान्यात जायचं तरी सोबत कुणी असल्याशिवाय पायरी न उतरणारी ही बाई. पण त्यांनी पिशवी आधीच भरून ठेवली होती. वर कुरडयांचा डबा होता, खाली ठेच्याची बरणी, आणि काकींच्या सुनेसाठी एक छोटी वाकळ.

आम्ही त्यांना गाडीत बसवलं. खिडकीतून त्यांनी शेजारच्या बाईला "तुम्ही कुठंवर?" विचारलेलं आम्हाला बाहेर ऐकू आलं. मग गाडी सुटली.

पंधरा दिवस म्हणून गेल्या होत्या, त्याला महिना झाला. मी फोन केला. मागे काकींचा आवाज, कुणीतरी काहीतरी कुटत असल्याचा आवाज.

"आत्याबाई, कधी येता?"

"आत्ता कुठं आल्ते मी. जल्दी काय हाय? इथं लई काम पडलंय," त्या म्हणाल्या. मग कुणाला तरी "आले, आले" म्हणाल्या आणि फोन तसाच चालू ठेवून निघून गेल्या. मी थोडा वेळ तो कानाला लावून बसले. कुटण्याचा आवाज येत होता. गॅसवर भाजी होती म्हणून उठावं लागलं.

दिवाळीच्या तोंडावर त्या परत आल्या. स्टेशनावर उतरल्या तेव्हा उन्हानं रापल्या होत्या, चालणं भराभर होतं आणि पिशवी माझ्याकडे द्यायला तयार नव्हत्या. मी वाकून पाया पडले, प्रवास कसा झाला विचारलं.

"बराबर झाला," त्या म्हणाल्या. "आधी चहा पाज. गाडीतला चहा म्हंजे नुसतं गरम पानी."

फलाटाबाहेरच्या टपरीवर आम्ही दोन कट चहा सांगितले. त्यांनी आपला बशीत ओतला, फुंकर मारली, आणि सांगायला सुरुवात केली.